उंबरठ्याबाहेर उभे राहा

फोन हातात घेतला की तो आधी नाकाशी न्यायचा. डोळे मिटून वास घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, "भेव लागते का?" नाही म्हटलं की म्हणायचा, "लागलं पाह्यजे. चला, उंबरठ्याच्या बाहेर."

मोबाईल दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. चहा पीत, गप्पा मारत फोन उघडतात. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतला हा माणूस तसा नव्हता. काम सुरू झालं की दुकानात कुणी थांबायचं नाही. म्हातारं असो की पोलीस, सगळे रस्त्यावर. त्याच्या हाताशी रेतीची बादली असायची आणि डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती. काम शिकत होता तेव्हा एका फुगलेल्या बॅटरीला हत्याराचं टोक लागलं, ती पेटली, भुवई गेली ती गेलीच. म्हणायचा, बॅटरीनं भुवईच मांगतली, डोळा नाई मांगतला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारता सांगतो, त्यालाही सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याचा 'ग्रॅज्युएट'. नाव त्यानं कधी विचारलंच नाही.

भिणं ही त्याची कामाची रीतच होती. आधी फोन बंद. मग मागच्या काचेला गरम हवा, डिंक सैल होईपर्यंत. मग कडेनं प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची. लोखंड जवळ आणायचं नाही. आत पोचला की पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवायची, आणि तोवर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. निघालेले स्क्रू तो कणकेत रुतवायचा. डब्यासोबत घरून कणकेची चपटी वडी यायची, ती ताटलीत ठेवायची. फोनमध्ये स्क्रू जिथे होता, कणकेतही तिथेच. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर खालचा बोर्ड फुटतो, त्याचं वेगळं भेव.

एकदा तो पाणी प्यायला उठला आणि शेजारणीची शेळी ती कणीक स्क्रूंसकट खाऊन गेली. गिऱ्हाईक म्हणालं, दुसरे कोणतेही लावा. यानं ऐकलं नाही. तसलाच एक भंगारातला फोन शोधला, त्यातले स्क्रू काढून बसवले. पण खरी काळजी शेळीची. रोज सकाळी तिला पाहायला जायचा. शेवटी शेजारीण म्हणाली, "शेळी बरी आहे भाऊ, तुम्हीच वाळून राह्यले."

आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण बादलीवरची नजर काढायचा नाही.

माझी आई आंजीला एकटी राहते. पहिल्या पगारातून मी तिला फोन घेऊन दिला होता. तो ती उशाशी चार्जिंगला लावून झोपायची. एका रविवारी गेलो तर फोन फुगून मागची काच वर आलेली. म्हणाली, चालते अजून, नेऊ नको. छातीत दुखलं तर तुले सांगू कशी? मी तिच्या हातातून काढूनच घेतला. एसटीत तो मांडीवर ठेवायची हिंमत झाली नाही. वर्ध्यापर्यंत पिशवी अंगापासून लांब धरून बसलो.

त्या दिवशी त्यानं वास घेतला आणि काहीच विचारलं नाही. "बाहेर," एवढंच म्हणाला.

मी रस्त्यावरून पाहत होतो. काच निघाली. जोडणी सुटली. राहिली बॅटरी, ती डिंकातून उचलायची होती. पट्टी तिच्याखाली गेली आणि त्याचा हात हलायला लागला. इतका, की कणकेची ताटली वाजली. माझ्या बाजूचा माणूस हसून म्हणाला, आज जास्तच भेव लागलं वाटते. तेवढ्यात पट्टी घसरली. फुस्स आवाज, गोडसर उग्र वास, पांढरा धूर. त्यानं दोन्ही हातांनी ती बॅटरी उचलून बादलीत टाकली आणि वर रेती लोटली. रेतीतून धूर येतच राहिला.

मी आत धावलो. काम सुरू असताना उंबरठा ओलांडायची ती माझी पहिलीच वेळ. त्याची बोटं लाल झाली होती. तो बोटांकडे पाहत नव्हता. हात अजून हलत होता, त्याच्याकडे पाहत होता.

"ग्रॅज्युएट, हे भेवानं नाई," तो हळू म्हणाला. "भेवानं हालते तो हात मले माहीत आहे. दम धरला का थांबते. हा थांबत नाई."

डॉक्टरला दाखवलं का, मी विचारलं.

"त्याचंच तं भेव लागते," तो म्हणाला. मग बादलीत आणखी रेती लोटत, "कोणाले सांगजो नको."

बोटांना पाणी लावलं, फडकं गुंडाळलं. मग नवी बॅटरी काढून त्यानं माझ्या हातात दिली, मला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उंबरठ्याबाहेर जाऊन उभा राहिला. तिथून सांगत गेला, तसं मी करत गेलो. कणकेतून एकेक स्क्रू काढून बसवला. फोन सुरू झाला. त्यावरून आंजीच्या शेजाऱ्यांकडे लावला, पहिल्याच घंटीला आईनंच उचलला. तो मात्र आत आला नाही.

नंतर दुकान दोन-चार वेळा उघडलेलं दिसलं, मग शटर पडलं ते पडलंच. लेकीकडे गेला म्हणतात. कुठे, ते शेजारणीलाही माहीत नाही.

परवा आईच्या फोनची काच फुटली. वर्ध्यात एका दुकानात दिला. दुकानदारानं चहाचा घोट घेतला आणि सरळ लोखंडी पातं कडेत घातलं. मी मागं सरकत रस्त्यावर येऊन उभा राहिलो. तो मान वर करून हसला.

"काय साहेब, भेव लागते का?"

"लागते," मी म्हटलं. "तुमच्याकडे रेती आहे का?"