याडीचे हात

नवं माणूस दारात आलं की याडी आधी दोन्ही तळहात त्याच्यापुढं पसरायची. पाणी नाही, 'या' नाही, पहिलं हेच. "पाहून घे. मंग बस." माणूस पाहायचं आणि बसायचं तरी, नाहीतर काहीतरी काम आठवून निघून तरी जायचं.

तिचे तळहात जुन्या मेणासारखे पिवळे आणि जाड होते. मनगटाशी कुणी रेघ ओढावी तशी ती जाड कातडी एकदम थांबायची, आणि वर हात तुमच्याआमच्यासारखा. तळपायांचंही तेच. तिच्या बापाचे असेच होते, आज्याचे असेच. तिच्या चार लेकरांत दोघांचे तसे. कळंबच्या रस्त्यावर फाट्याला उतरून टेकडीमागं अर्धा तास चाललं की या एकाच घराण्याची सहा घरं लागत, बंजाऱ्यांच्या तांड्यापासूनही वेगळी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. लहानमोठे सगळे तिला तेच म्हणत, म्हणून मीही.

मी बांगड्या भरणारी. जन्म लोकांचे हात धरण्यात गेला. पण पहिल्यांदा तिथं गेले आणि ते तळहात पाहिले, तेव्हा माझ्या मनात नको ते आलं. महारोग असेल, वाटलं. टोपली निंबाखाली ठेवली, लांब बसले आणि म्हटलं, "निवडा, आणि तुमच्या तुम्ही घालून घ्या."

याडी हसली. "बांगड्या इकाले आली का भराले?"

माझी नजर तिच्या तळहातांवरच.

"महारोगात चिमटा कळत नाही म्हणते. काढून पाह्य."

काढला की मी! तिनं "आई वं!" अशी बोंब ठोकली की घराघरातून पोरं धावत आली. मग तीच पोट धरून हसत सुटली. त्या दिवशी मी सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या. घरी येऊन साबणानं हात धुतले, तेही खरं सांगते. दुसऱ्या खेपेपासून नाही धुतले.

त्या हातांना बांगडी भरणं सोपं नव्हतं हो. अंगठा आत मुडपून हात दाबावा, तर तळवा दबायचाच नाही. म्हणून माप एक नंबर मोठं घ्यायचं, आणि मग बारीक मनगटावर बांगड्या सैल खळखळत राहायच्या. याडी आधी ऐकू यायची, मग दिसायची.

एकदा लेकानं तिला यवतमाळला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, हे जन्माचं आहे, कुणाला लागत नाही, पण पुढच्या पिढीत उतरतं. मलम दिलं आणि सांगितलं, यात युरिया असतो, त्यानं कातडी मऊ पडते. मलम आठवड्यात संपलं. लेकानं विचार केला, कपाशीला घालायच्या युरियाचं तर पोतंच घरात आहे! मूठभर खोबरेल तेलात कालवला आणि आईच्या हातांना चोळला. भेगांत तो गेला मात्र, दिवसभर याडी घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "पोरानं पराटीले घालते तसा मले खत घातलं. आता बोटायले फुटवे येतीन, पाहा."

तिच्या नातीचे, सुनीताचेही हात तसेच. सुनीताला पहिले पाहुणे पाहायला आले, हात पाहिले आणि भरलेले कप तसेच ठेवून उठले. त्यानंतर पोरगी बाजारालाही येईना. मी याडीला म्हटलं, "पुढच्या वेळी मी आदल्या दिवशी येते. गच्च मेंदी काढते, वर हातभर चुडा. लग्न तर होऊ द्या."

याडी माझ्यावर चिडली ती तेव्हाच. "मंग जलमभर मूठ झाकून राहीन का थे? लग्नानंतर पाहतीन, तवा पोरगी त्यायच्या घरात राहीन. आता पाहतीन त माह्या अंगणात हाय."

दुसरे पाहुणे आले, मुलगा आणि त्याची आई, तेव्हा मी तिथंच होते. सुनीता चहा घेऊन आली. याडी म्हणाली, "चहा मंग. आधी हात दाखव."

मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेतला. "कापूस वेचताना बोंड टोचते का वं?"

"नाही."

"माहे पाह्य." तिची बोटं ओरखड्यांनी भरलेली. सगळे हसले. याडी नाही हसली.

"हासू नका. लेकरायलेही होईन. आधेआध म्हणते डॉक्टर. आता सांगा."

आई मुलाकडं पाहायला लागली. मी उगीच टोपलीतल्या बांगड्या लावत बसले. मुलानं हात लांब करून सुनीताच्या हातचा कप घेतला. "बोलत बसान त चहा थंडा होईन," म्हणाला आणि फुर्र करून प्याला.

लग्नाचा चुडा मीच भरला, एक नंबर मोठा.

त्यानंतर दोन वर्षांनी एकदा फाट्यावरून चालत गेले. घरं दिसली तरी बांगड्यांचा आवाज आला नाही, आणि कुणी सांगायच्या आधीच मी समजले.

परवा सुनीताच्या सासरी गेले होते. तिची मुलगी आठ महिन्यांची झाली आहे. मनगट्या घालायला इवलासा हात धरला आणि माझ्या नकळत उलटा केला. तळवा पिवळसर, मनगटाशी रेघ. सुनीतानं पाहिलं माझ्याकडं.

"मावशी, जराशा सैल घाल," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात कुणी शेजारीण बाळाला पाहायला दारात आली. सुनीताच्या सासूनं नातीला उचललं, तिची मूठ उघडली आणि पुढं धरली.

"पाहून घे. मंग बस."