हनीफ मिस्त्री आणि मठाचे खांब

मठाच्या सभामंडपाचं छत संध्याकाळी साडेपाचला खाली बसलं. देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरचं ते गाव. आगीचा बंब उदगीरहून निघाला होता, पण तो पोचेपर्यंत सागवानाचे बत्तीस खांब एकामागून एक पेटले होते. गावकरी घागरी, बादल्या, दुधाच्या किटल्या, हाताला लागेल ते घेऊन धावले. विहिरीपासून मठापर्यंत माणसांची रांग लागली, त्या रांगेत हनीफ मिस्त्रीही होता. बादल्या त्याच्या हातातून पुढं जात होत्या, नजर मात्र जिन्याखालच्या कोपऱ्यावर खिळली होती. आग तिथूनच वर चढली होती. आणि तिथं त्याची टोपली होती.

हनीफ चौसष्ट वर्षांचा. बोलणं कमी. कुठल्याही लाकडाला हात लावण्याआधी बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. मठ लिंगायतांचा, पण त्याच्या लाकडाची देखभाल चार पिढ्या हनीफच्या घराकडं होती. दर श्रावणात खांबांना कढवलेलं जवसाचं तेल चोळायचं. त्यासाठी भक्तांनी वाहिलेली जुनी लुगडी, धोतरं फाडून फडकी करत. देवाचं कापड म्हणून ती टाकत नसत. शेवटच्या सोमवारी पालखीपुढच्या मशालींना तीच गुंडाळत. मात्र तेलाची फडकी आधी आठ दिवस दोरीवर सुटी टांगायची, असा हनीफच्या वडिलांचा दंडक होता. ढीग केला की ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात. हे गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, कारण असा ढीग कधी कुणी होऊच दिला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच तेलाची फडकी अंगणातल्या दोरीवर टांगली होती आणि आभाळ भरून आलं. फडकी भिजली तर मशाली धरणार नाहीत, म्हणून दुपारच्या नमाजाला जाताना हनीफनं ती दोरीवरून काढली आणि टोपलीत दाबून जिन्याखाली सरकवली. आल्यावर आत टांगू, असं मनात होतं. नमाज झाला, घरी जेवण झालं, जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. पाऊस आलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. उदगीर, निलंगा, बीदर, जिथं तिथं सोयरीक होती तिथून जीपा भरून आली. म्हातारी माणसं वेशीपाशीच चपला काढत आणि जळक्या खांबाला कपाळ टेकत. बायका चिमूटभर राख पदराच्या टोकाला बांधून नेत. लातूरला नोकरी करणारा एक बाप्या मोबाईलवर चित्रीकरण करता करता मधेच थांबला आणि तोंड फिरवून रडू लागला. ज्यांच्या पोरांनी त्या मंडपात बाराखडी गिरवली होती, त्या मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकाही येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

रडून झाल्यावर लोक कारण शोधू लागले. वीज म्हणावी तर ती सकाळपासून गेलेली. मग उरला नंदादीप. तो सांभाळायची लक्ष्मम्मा. सत्तरीची, मागंपुढं कुणी नसलेली, मठामागच्या खोलीत राहणारी. ती जेवायला गेली आणि वाऱ्यानं ज्योत पडद्याला लागली, असं लोकांनी ठरवून टाकलं. मठाचा चिटणीस रुद्रेश एरवी समजूतदार. पण पालखी बाहेर काढताना त्याचे दोन्ही हात भाजले होते आणि त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. सोमवारपर्यंत खोली खाली करा, असं त्यानं तिला सांगितलं. कुणीतरी तिच्या दारात ओली राख फेकली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणू लागली की वात मीच लावली होती, माझ्याच हातून झालं असेल.

लक्ष्मम्माचं हे आणि टोपलीचंही हनीफनं घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको रजिया आधी उठून दार लावून आली. मग म्हणाली, "तेल आपोआप पेटलं, हे कोण ऐकून घेणार हाय? मुसलमानानं मठ जाळला, एवढंच फोनावर फिरंल. आपला पोरगा साद रोज बसनं उदगीरला जातो, त्याचा तरी विचार करा."

तिचं चूक नव्हतं. म्हणूनच तीन दिवस तो बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी मठासमोरच्या ओट्यावर बैठक बसली. मलप्पा हे गावातले वयस्कर व्यापारी, मठाचे अध्यक्ष. लक्ष्मम्मा खाली एका कडेला बसली होती. तिच्याविषयी ठराव व्हायच्या आत हनीफ उठला. टोपलीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "अम्माच्या दिव्याचा काही संबंध न्हाई. चूक माझी हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, की चूक कशाची, मुद्दाम ठेवली असेल. दहा-बारा जण उभे राहिले. रुद्रेश बांधलेले हात छातीशी धरून हनीफच्या समोर आला. "आपोआप पेटतं व्हय? आमाला येड्यात काढता का मिस्त्री?"

"इथंच करून दाखवतो," हनीफ म्हणाला. "तेच तेल, तसलंच कापड. कुणी जवळ जायचं न्हाई."

मलप्पांनी माणसं खाली बसवली. अकरा वाजता हनीफनं सगळ्यांदेखत फडकी तेलात भिजवून पिळली, टोपलीत दाबली आणि टोपली मोकळ्या अंगणात ठेवून वीस पावलं मागं झाला. एक वाजला, दोन वाजले. टोपली होती तशीच. पोरं हसू लागली. मिस्त्री काडी लावायला विसरले वाटतं, असा टोमणा आला. जवस यंदाचं नवं आहे, तेल कमी कढलंय, अशा नाही नाही त्या शंका हनीफच्या मनात येऊ लागल्या. नाही पेटलं तर आपण खोटे ठरणार, ते लक्ष्मम्मालाच भोवणार, आणि आपल्या घरालाही. तीन वाजता लोक उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात मलप्पांनी नाकपुड्या फुगवल्या. करपल्यासारखा उग्र वास येत होता. मग टोपलीच्या विणीतून बारीक धूर निघाला, दाट झाला, आणि बघता बघता आत लाल ठिणगी फुलली.

रुद्रेशनं एका पोराकडून पाण्याची घागर टोपलीवर ओतवली आणि मान खाली घालून लक्ष्मम्माकडं गेला. खोली तुमचीच आहे, असं काहीसं तो पुटपुटला. पोलिसांना झालं तसं सांगायचं, त्यात एक शब्द वाढवायचा नाही, असं मलप्पांनी बजावलं.

लक्ष्मम्मा उठली. रुद्रेशकडं तिचं लक्षच नव्हतं. ती हनीफपाशी येऊन थांबली.

"तीन दिस मला वाटत ऱ्हायलं, देव माझ्या हातानं जळाला. तू रोज माझ्या दारावरनं गेलास, हनीफ."

ती हळूहळू चालत खोलीकडं गेली आणि तिनं दार लावून घेतलं. हनीफ तिच्या मागोमाग गेला आणि बाहेर पायरीवर बसला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"ऊन हाय तिथं. घरी जा."

तो उठला नाही.