पेटीतलं निळं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या ट्रेलरमध्ये माझ्यापासून हातभर अंतरावर झोपते. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्हाला माझं तोंड दिसत नाही म्हणून.

आमच्याकडे गाडीमागे जोडून न्यायचा एक ट्रेलर आहे, चाकांवरचं घरच. दरवर्षी थंडीचे तीन महिने मारतहळ्ळीचा फ्लॅट बंद करून आम्ही त्यात राहतो — बंगळूरच्या बाहेर, शारदाक्कांच्या नारळाच्या बागेत. अक्का मूळच्या निपाणीच्या. आमचं मराठी ऐकून त्यांनी जागा दिली. मी हौशी माणूस. छतावर सोलर बसवला, ओटा बदलला, घडीचं टेबल केलं, आणि सगळ्यांत अभिमानाचं म्हणजे संडास. खाली ओढून काढायची पेटी, पेटीत वास दाबणारं निळं औषध. पाहुण्यांना मी तो मुद्दाम दार उघडून दाखवायचो. आता ते आठवलं की शिसारी येते.

पेटी भरली की ती गाडीत घालून फ्लॅटवर न्यायची आणि तिथे रिकामी करायची. रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, मागे स्वतःची घाण घेऊन. दुसऱ्या वर्षी एका दुपारी झाकण नीट बसलं नाही आणि दोन थेंब माझ्या हातावर आले. दोनच — आणि तेही आमचेच. मला इतकी किळस आली की मी गाडीपर्यंत गेलोच नाही. बागेत कुणी नव्हतं. केळींच्या मागे एक चर होता, त्यात पेटी उपडी केली आणि वर माती ओढली. चर कुठे उतरतो ते मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. खाली विहीर होती.

विहिरीचं पाणी आम्ही पीत नव्हतो, आमचे कॅन यायचे. ते प्यायचे यल्लव्वा आणि तिचा नवरा. यादगीरकडची जोडी, बाग राखायची आणि विहिरीजवळ पत्र्याच्या खोलीत राहायची. यल्लव्वाची भांडी आमच्या भांड्यांपेक्षा लख्ख असायची.

आणि एकदाच नाही. एकदाच म्हणून सोडून देणार होतो — बघा, अजूनही सवय जात नाही. पाच वेळा.

मग तिचा नवरा जुलाबांनी अंथरुणाला खिळला. विहिरीला वास यायला लागला. अक्का चरापर्यंत जाऊन नाकाला पदर लावून परत आल्या. वरची माती काठीने जरी उकरली असती तरी निळे डाग दिसले असते. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"काय ओ, ही लोकं हिकडं चरातच बसतात म्हणून वाटायलंय. तुम्ही बघितलासा काय?"

नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो, एकदोनदा पाहिलंय."

"सरी, बरं. तुमच्यासारखी स्वच्छ माणसं सांगतात म्हणजे खरंच."

यल्लव्वा तिथेच उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण मी तिच्याकडे बघायचं टाळतोय हे तिला कळलं असणार. बागेत तिच्यासाठी कुणी संडास बांधलाच नव्हता. ती रोज पहाटे डबा घेऊन रस्त्यापलीकडच्या माळावर जायची. हे मला कसं माहीत? मी चहा पिताना खिडकीतून तिला जाताना पाहायचो.

अक्कांनी त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी दोघं गेली. त्याला धड चालवत नव्हतं, तो तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालला होता. कुठे गेली ते मी विचारलं नाही. बायको म्हणाली, बरं झालं, आता वास जाईल. मी मान डोलावली.

पुढच्या थंडीत आलो तेव्हा पत्र्याची खोली पाडलेली होती. ती जागा सपाट होती, म्हणून अक्कांनी ती मला दिली. मी तिथे सिमेंटचा कोबा घातला, पाण्याचा नळ आणला. आता ट्रेलर तिथेच उभा असतो. पेटी मी दर आठवड्याला न चुकता फ्लॅटवर नेतो, झाकण दोनदा तपासून.

आमचा संडास बरोबर तिथे येतो, जिथे यल्लव्वाची चूल होती. हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी ट्रेलर हलवला नाही.