शेषराव इंगळ्यांचा फेब्रुवारीतला मे महिना

शेषराव इंगळ्यांबद्दल अकोल्यात असं बोललं जातं, की ते तळहातावर नारळ आडवा ठेवून घरभर फिरतात आणि नारळ जिथे आपोआप उभा राहतो तिथे वायफाय लावतात. आमच्या जठारपेठेतल्या माणिकबाईंनी मला नारळाला हळदकुंकू लावलेलं असतं इथपर्यंत सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मंदिरात काढतात तेवढा खाली गेला होता.

हे खरं नाही. नारळ शेषरावांच्या वडिलांचा होता. वडील पातूरकडच्या एका खेड्यात पाणाडे होते, विहीर कुठे खणायची ते नारळावरून सांगायचे. शेषराव तळहातावर मोबाईल आडवा ठेवून फिरतात आणि त्यावर सिग्नलचा आकडा वाचतात. लोकांनी बाप आणि लेक एकात कालवले. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नारळ माह्या बापाचा. माहा मोबाईल हाय."

"मग वडिलांना पाणी लागायचं का?"

"दहातून चारदा."

"आणि तुम्हाला?"

"मी लागल्याबिगर शिडीवरून उतरतच नाई."

वय बावन्न. राहणं अमरावतीजवळ बडनेऱ्याला. अंगानं इतके किडकिडीत की शर्ट त्यांनी घातलाय की हँगरने, हे लांबून ठरवता येत नाही. शिडी स्वतःची आणतात, दुसऱ्याच्या शिडीवर चढत नाहीत. बडनेरा-अकोला पॅसेंजरमध्ये शिडीला जागा मिळते, त्यांना मिळत नाही. वायफायचं जे पांढरं, ताटलीएवढं यंत्र छताला लावतात, त्याला कंपनीवाले ॲक्सेस पॉइंट म्हणतात. शेषराव त्याला डबी म्हणतात. "डबी बोलते तं बोलते, नाई बोलत तं तिले काही तरी आडवं आलं असते," हे त्यांचं शास्त्र. एवढ्या शास्त्रावर त्यांचं घर चालतं आणि मुलगी फार्मसीला आहे.

हा धंदा त्यांनी पंधराव्या वर्षी सुरू केला. तेव्हा डबी नव्हती, ॲन्टेना होता. गावात टीव्ही एक, रविवारी सकाळी त्यापुढे सगळं गाव, आणि छपरावर शेषराव. ते ॲन्टेना जरा फिरवायचे आणि खाली ओरडायचे, "आला का?" खालून आवाज यायचा, "मुंग्या आल्या!" पुन्हा फिरवायचे. पुढे केबल आली, मग छत्री आली, मग वायफाय आलं. ओरडणं गेलं नाही. आज त्यांच्या हातातल्या मोबाईलवर सगळं दिसत असतं, तरी ते शिडीवरून विचारतातच, "आला का?" आणि खोलीतल्या प्रत्येक माणसाने उत्तर द्यायचं असतं. कोणी नुसती मान हलवली तर त्यांना चालत नाही. "मान काय, बकरी बी हालवते."

हा "आला का" मला हुबेहूब जमतो. पहिला 'आ' वरून टाकायचा आणि 'का' नाकात अडकवायचा. माझ्या एका "आला का"वर आमची आई स्वयंपाकघरातून "आला भाऊ" म्हणाली आहे. तेव्हा शेषराव बडनेऱ्याला होते.

त्यांच्या कामाच्या पुष्कळ गोष्टी आहेत. मोझरीच्या एका भोजनालयात डबी फ्रिजच्या मागे ठेवलेली होती, कारण बाहेर ती "छान दिसत नव्हती". चिखलदऱ्याच्या एका लॉजवाल्याने माकडं ओरबाडतील म्हणून डबीला लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला, वर कुलूप लावलं. वायफाय पिंजऱ्याच्या बाहेर आलं नाही. लॉजवाला म्हणाला, "सहा महिने झाले, एका माकडानं हात नाई लावला." शेषराव म्हणाले, "गिऱ्हाइकानं बी नाई लावला." पिंजरा काढून डबी आत छताला लावली आणि पिंजऱ्यात लॉजवाल्याने पोपट ठेवला.

आमच्याकडे ते आले ते आईमुळे. माझी आई, रागिणी, आमच्या वरच्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका चालवते. बत्तीस खुर्च्या. पोलीस, तलाठी, बँक, मिळेल त्या भरतीची तयारी करणाऱ्या मुली. निम्म्याअधिक खेड्यांतल्या आहेत. घरचे लोक त्यांना फक्त इथेच पाठवतात, कारण इथे मुलगे येत नाहीत आणि आई फाटकाजवळ बसून येणारी-जाणारी मोजते. दर रविवारी अकरा वाजता मोबाईलवर सराव परीक्षा असते, आणि खऱ्या परीक्षा मे-जूनमध्ये.

मागच्या मे महिन्यात मागच्या हॉलमधलं वायफाय मेलं. जानेवारीत ज्याने बसवलं होतं तो मुलगा तीन वेळा आला. बूट न काढता उभा राहिला, बटण बंद-चालू केलं आणि तिन्ही वेळा म्हणाला, "मॅडम, वरूनच प्रॉब्लेम आहे." वर गच्ची आहे. परीक्षा अर्ध्यावर तुटायला लागल्या. अकरा मुली सोडून गेल्या. दोघींना दुसरी अभ्यासिका मिळाली, नऊ गावी परत गेल्या, त्यातल्या एकीचं लग्नसुद्धा ठरलं. आईने तेव्हाच सांगून टाकलं, की पुढच्या मे महिन्यात पुन्हा असं झालं तर वरचा मजला कुरिअरवाल्याला गोदामासाठी द्यायचा. कुरिअरवाला टेप घेऊन दोनदा मोजून गेला. दुसऱ्यांदा त्याने मुलींना खुर्च्या सरकवायला लावल्या.

फेब्रुवारीत शेषराव आले, शिडी भिंतीला टेकवली, चहा घेतला आणि पहिला प्रश्न विचारला.

"कूलर कुठं हाय?"

"कूलर?" आई म्हणाली. "फेब्रुवारी हाय नं भाऊ. गच्चीवर झाकून ठेवले."

"आना खाली. मे महिन्यामंदी जथी असतात तथी लावा. पानी भरा."

"पोरी स्वेटर घालून बसल्या भाऊ!"

"पंखा नोका चालू करू. पानी फक्त भरा. गळ्यापर्यंत."

मी आणि दोन मुलींनी ते दोन्ही लोखंडी कूलर उतरवले. मागच्या हॉलला गॅलरीत उघडणाऱ्या दोन खिडक्या आहेत. कूलर बाहेरून त्या खिडक्यांत बसतात. पाणी भरलं. माणिकबाई समोरच्या गच्चीवर पापड वाळवायचे सोडून बघत राहिल्या.

"आता पोरी बसवा," शेषराव म्हणाले. "मे मंदी जेवढ्या असतात तेवढ्या."

"त्या काहून?"

"मानूस म्हनजे पान्याचा माठ हाय बाई. तीस माठ ठेवल्याबिगर मले कसं समजन, डबीले काय काय आडवं येते?"

तीस माठ बसले. शेषराव तळहातावर मोबाईल घेऊन खुर्च्यांमधून हळूहळू फिरले. त्यांचा आकडा तापासारखा असतो, जितका कमी तितका बरा. पन्नास म्हणजे ठणठणीत, सत्तरपर्यंत चालतं, ऐंशीच्या पुढे गेला की नमस्कार. कूलर येण्याआधी त्यांनी सत्तावीस नंबरची खुर्ची मोजली होती. ती खिडकीजवळची, आचलची. आचल पोलीस भरतीवाली, मूर्तिजापूरकडची, मागच्या वर्षी सोडून न गेलेल्यांपैकी. कूलर नसताना आकडा सहासष्ट होता. आता त्यांनी पुन्हा मोजलं आणि मोबाईल आईसमोर धरला.

"अठ्ठ्याऐंशी."

जानेवारीवाल्या मुलाने एकाच डबीत पुढची खोली आणि मागचा हॉल दोन्ही भागवायला ती गॅलरीत लावली होती. हॉलची भिंत जुनी, दीड हात जाड. सिग्नल आत जायचा तो खिडक्यांतून. जानेवारीत खिडक्या मोकळ्या होत्या. एप्रिल लागला की त्याच खिडक्यांत पत्रा आणि पन्नास-पन्नास लिटर पाणी.

आईने कूलरच्या पत्र्यावर थाप मारली. मग म्हणाली, "म्हनजे आमच्याच कूलरनं खाल्लं?"

"कूलरचा काय दोष? तो आपल्या जाग्यावर होता. डबी त्याच्या मांगं लपली होती."

मग त्यांनी जुनी डबी काढून पुढच्या खोलीत लावली आणि मागच्या हॉलच्या बरोबर मध्ये, पंख्यांच्या पात्यांपासून दूर, छताला नवी लावली. एकच वायर, त्यातूनच इंटरनेट आणि त्यातूनच वीज. वीज इन्व्हर्टरवरून, कारण मे महिन्यात लाईट जाते हे सांगायला शास्त्र लागत नाही. मोबाईलवर त्यांनी शेजाऱ्यांची वायफाय बघितली. "सहा नंबरच्या चॅनलवर वरात भरली. आपन अकरावर बसू." प्रत्येक मोबाईलला सारखा वाटा ठेवला. "एकीनं सिनेमा लावला तं बाकीच्या उपाशी." नाव काय द्यायचं विचारलं तर आई म्हणाली, "फक्त अभ्यास." तेच दिलं. मुख्य पासवर्डची वेळ आली तेव्हा मोबाईल आईच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. "घर तुमचं, किल्ली तुमची. टाका. मी भिंत पाहून राहिलो."

पैज तेव्हाच लागली. मी म्हटलं, "काका, हे फेब्रुवारीत ठीक आहे. मे महिन्यात सत्तावीस नंबरला आकडा सत्तरच्या वर जाईल."

"सत्तरच्या आत राह्यला तं?" भिंत विचारती झाली.

"तर दोन्ही कूलरचं पाणी मी भरीन. पाऊस येईपर्यंत, रोज."

"अन् वर गेला तं मी डबी काढून नेईन, अन् तू जे माह्या आवाजात बोलतं, ते तुह्या समोर बसून आयकीन."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

मे महिन्यातला पहिला रविवार. पारा पंचेचाळीस. दोन्ही कूलर धो धो चालू, एकोणतीस मुली हजर. पावणेअकराला शेषराव शिडीशिवाय आले. फेब्रुवारीत केलेलं प्रत्येक काम ते मे महिन्यात स्वखर्चाने पाहून जातात. कुरिअरवालाही आला होता. तो म्हणाला, "मी सहज आलो," आणि खिशातून टेप डोकावत होती. आई फाटक सोडून वर आली, दारात उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दहा पन्नासला परीक्षेची लिंक सुटली. शेषराव दारातूनच ओरडले, "आला का?"

"आला!" "आला!" "आला काका!" पंचवीस, सव्वीस.

सत्तावीस नंबरवरून आचल म्हणाली, "नाई आला. माहा मोबाईल वाजलाच नाई."

आईच्या बोटाचा पदर थांबला. कुरिअरवाल्याने हॉलच्या लांबीकडे पाहिलं. आचल रडायच्या बेतात होती. "मागच्या वर्षी बी असंच झालं होतं काका. माही पूर्ण परीक्षाच गेली."

शेषराव तिच्यापाशी गेले. "मोबाईल कुठं हाय तुहा?"

"डब्यात."

"कोन्या डब्यात?"

तिने पायाशी ठेवलेला जेवणाचा स्टीलचा डबा दाखवला. उन्हातून येताना तिचा मोबाईल तापून बंद पडायचा. म्हणून ती तो ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात ठेवून, वरून झाकण घट्ट लावायची. अकराला पाच कमी असताना काढायचा, हा तिचा नेम होता.

शेषरावांनी झाकण उघडलं, फडकं सोडवलं, मोबाईल तिच्या हातात दिला.

"आमी मानसाले लावतो कूलर. पोरीनं मोबाईलले बी लावला."

दोन कांड्या दिसल्या, मग चार. मोबाईल वाजला. आचल ओरडली, "आला!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण अभ्यासिकेत ओरडायला बंदी आहे. आईने बोटाचा पदर सोडला. अकराला परीक्षा सुरू झाली आणि साडेबारापर्यंत एकीचीही तुटली नाही. मध्ये लाईट वीस मिनिटं गेली, कूलर बंद पडले, डबी चालू राहिली. आई कुरिअरवाल्याला खाली घेऊन गेली आणि म्हणाली, "भाऊ, चहा घ्या अन् दुसरीकडं पाहा." त्याने चहा घेतला.

परीक्षा संपल्यावर शेषरावांनी मुलींना जागेवरच बसवून ठेवलं, दोन्ही कूलर पुन्हा गळ्यापर्यंत भरायला लावले, आचलला उठवून सत्तावीस नंबरच्या खुर्चीत बसले आणि मोबाईल ठेवलेला तळहात पुढे केला. आकडा त्यांनी स्वतः वाचला नाही, मला वाचायला लावला. मी शक्य तितका वेळ घेतला.

"त्रेसष्ट," मी म्हटलं.

"जोरात सांग. तुह्या मायले आयकू नाई गेलं."

दोन कूलर, दिवसातून तीनदा, एकेकाला चार बादल्या, कारण पाईप वरच्या मजल्यापर्यंत पुरत नाही. आज जूनची तीन तारीख आहे. आभाळात काहीही नाही.