ओळंब्याने कामं बंद ठेवली त्या दिवशी

गवंडीकाम करत करत वर आलेला, छोटी घरं बांधणारा हा कंत्राटदार इतका उंच आणि ताठ होता, की भिंतीचा सरळपणा बघायच्या दोरीवरून सगळे त्याला ओळंबा म्हणत. एका दवाखान्याचं मोठं काम त्याच्या अगदी हातातोंडाशी आलं होतं. पण सिमेंट, सळई आधी आपल्या खिशातून आणायची आणि पैसे भिंती उभ्या राहिल्यावर मिळणार. बँकेने कर्ज दिलं तर काम त्याचं, नाहीतर दुसऱ्याच्या घशात.

बँकेच्या मॅडम धंदा बघायला येणार म्हटल्यावर गड्याला भलताच हुरूप चढला. त्याने चालू असलेली सगळी कामं बंद केली आणि माणसं, मिक्सर, फळ्या, घमेली घरासमोर आणून मांडली. मिक्सर घासूनपुसून लखलखीत केला, माणसांना इस्त्रीचे शर्ट चढवले. बायको म्हणाली, "अहो, फोटो काढायचाय का सगळ्यांचा?" पण ऐकतो कोण!

मॅडम आल्या. कोरडा ठणठणीत मिक्सर पाहून त्यांचा चेहराच पडला. "कामं नाहीत वाटतं सध्या?"

ओळंबा त-त-प-प करतोय तोवर फोन वाजला. घाईत त्याने भलतंच बटण दाबलं आणि एका घरमालकाचा आवाज अंगणभर घुमला, "आज माझा स्लॅब ना? कुठे उलथलात सगळे?" तो ठेवतो न ठेवतो तोच दुसऱ्या घरमालकाचा फोन!

मॅडमना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "कामं आहेत, पटलं. पण तुमच्यासारख्यांना कर्ज देताना आम्ही कचरतो ते उगाच नाही. मालकाने पैसे अडकवले की तुम्ही अडकणार. आणि उद्या तुम्हीच आजारी पडलात तर? सगळा धंदा एकाच डोक्यात!"

बायकोला हे ऐकत उभं राहायला वेळ नव्हता. "मिक्सर स्लॅबवर न्या! तुम्ही दोघं प्लास्टरला! आणि ते शर्ट बदला आधी!" फोन घेऊन तिने घरमालकालाही गार केलं, "काका, तासाभरात सुरू होतं. जेवून घ्या तुम्ही." बघता बघता अंगण रिकामं झालं.

"हे तुम्ही नेहमी बघता?" मॅडमनी विचारलं.

"मग कोण बघणार? ह्यांना तर आपला मिक्सर कुठे आहे तेसुद्धा मला विचारावं लागतं."

"मग अर्जात तुमचं नाव का नाही?"

नवराबायको दोघांच्या सहीने नवा अर्ज गेला, मॅडमनी शिफारस केली आणि कर्ज मंजूर झालं.

दवाखाना बांधून झाला. डॉक्टरांनी विचारलं, "कोणी बांधलं हो?" इतकी वर्षं या प्रश्नाला ओळंबा छातीवर हात ठेवून "मी" म्हणायचा. आज तो म्हणाला, "आम्ही दोघांनी." बायकोने तोंड फिरवलं आणि ती उगाचच एका माणसावर ओरडली, "अरे, शिडी उचला ती!"