बाबांची जीभ, माझी जीभ

बाबांना मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आणलं, तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती. मीठ कमी करा, नाहीतर बीपी एक दिवस यांना आडवं करेल. मूल गावी घरच्या अंगणात ते एकदा चक्कर येऊन पडलेच होते. आई धानाच्या कापणीसाठी गावीच थांबली. म्हणजे स्वयंपाक, गोळ्या आणि काळजी, तिन्ही माझ्याकडे.

मी मूळचीच उतावीळ. बीपीचं यंत्र दिवसातून पाच-पाच वेळा त्यांच्या दंडाला बांधायची. आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता. भाजीत मी चाखत चाखत मीठ घालायची, जेमतेम चव लागेल एवढंच, तरी ती मला अळणीच लागायची. बाबा तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायचे. "हे काय दवाखान्यातलं जेवण हाय?"

मग आकडा वर का? शाळेत फळ्यावर गणित सोडवतानाही माझ्या डोक्यात तेच. एका संध्याकाळी मिठाची बरणी जागेवर दिसली नाही आणि माझा तोल गेला.

"बाबा, तुमी मीठ चोरून खाऊन राह्यले काय?"

शेजारीण दारातच उभी होती. बाबांनी मान खाली घातली. बरणी मीच फ्रिजवर ठेवली होती, हे पाच मिनिटांत लक्षात आलं. तरी मी माफी मागितली नाही. उलट बरणी कपाटात घालून कुलूप लावलं. आज लिहितानाही लाज वाटते.

कापणी आटोपून आई आली. आल्या आल्या जेवायला बसली आणि वांग्याच्या भाजीच्या पहिल्याच घासाला थांबली.

"खारट हाय."

"अळणी हाय," बाबा आणि मी एकदमच म्हणालो.

आमच्या घरात हे नवीन नव्हतं. ताटं वाढण्याआधी आई चमचाभर रस्सा बाबांच्या तळहातावर घालायची. त्यांनी चाटून "टाक अजून" म्हटलं की मीठ पडायचं. पुढे तो मान मला मिळाला, आणि मीही "टाक"च म्हणायची. आईच्या हाताला चव नाही, असं आम्ही बापलेक पाहुण्यांसमोरही हसत हसत सांगायचो.

या वेळी मात्र हसू आलं नाही. तीच भाजी डब्यात घालून मी शाळेत नेली. चौघी शिक्षिकांनी चाखली आणि चौघींनी पाण्याच्या बाटल्या उघडल्या. विज्ञान शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "खारट कोणाला किती जाणवतं, यात जन्मतःच फरक असतो. थोडी सवय असते, पण थोडं आईबापांकडूनही येतं. तुझी जीभ बाबांवर गेली असेल." नाकडोळ्यांबद्दल बोलावं तितक्या सहज बोलली. मला पुढचे दोन तास धड बसवेना. मीच त्यांना रोज मीठ चारत होते आणि चोर त्यांना ठरवलं होतं.

घरी पोचले ती थेट बाबांसमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं. "बाबा, चुकी माही होती. मले माफ करा."

त्यांनी नुसती मान हलवली. मग आईकडे वळले. "तुले एवढं खारट लागे, तं इतके वर्षं सांगतलं काऊन नाई?"

आई ताटं मांडत होती. "सांगतलं होतं. लग्नाच्या पैल्या वर्षी. तुमी ताट ढकलून उठले. मंग मी माह्या वाटीत पानी टाकून खाऊन घेतलं. रोजच."

त्या दिवशी भाजीत मीठ आईने स्वतःच्या जिभेने घातलं होतं. मला तर त्यात मीठ असल्याचंही कळलं नाही. बाबांनी भात कालवला, सावकाश सगळा संपवला आणि ताट आईपुढे केलं.

"वाढ अजून," ते म्हणाले.