टेंप फोल्डरमधलं उत्तर

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. घट बसायच्या आधी आमच्या घरात माळ्यावरचे डबेसुद्धा सुटत नसत, मग हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर कसा सुटेल? दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. तो आमच्याकडे आला तोच मुळी सेकंडहँड, द्वारका चौकाजवळच्या दुकानातून रिक्षात मांडीवर घेऊन आणलेला. एव्हाना इतका भरला होता की रोज ‘जागा संपली’ म्हणून कुरकुरायचा. घरात तीन महिन्यांचा कोर्स केलेली मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

टेंप फोल्डर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या फायलींची जागा, कसं रिकामं करायचं ते कोर्सच्या सरांनी नीट सांगितलं होतं. आधी सगळं बंद करा, मशीन पुन्हा चालू करा, मग टेंप उघडा. नावाच्या शेवटी टीएमपी असेल त्याच फायली उडवा, बाकीच्या आधी उघडून बघा. उडवलेलं आठ दिवस रिसायकल बिनमध्ये पडू द्या, कुठे काही अडलं नाही तरच बिन रिकामी करा. हे सगळं मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्या दिवशी वही काढायला वेळ कुणाला होता! मोरीत भांड्यांचा ढीग, गॅसवर कुकर. टेंपमध्ये शेकडो फायली, नावं सगळी आकड्यांची आणि वेड्यावाकड्या चिन्हांची. मी सगळ्या सिलेक्ट केल्या आणि शिफ्ट दाबून डिलीट मारलं, म्हणजे बिनची भानगडच नको. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण मला कुठली चैन? वर डिफ्रॅग लावलं, म्हणजे डिस्कवरचं सगळं हलवून एका ओळीत लावणं. दुपारभर पडद्यावर रंगीत चौकोन सरकत होते आणि मी येता-जाता कौतुकाने बघत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाबा कॉम्प्युटरपुढे बसले. बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. येवल्याची गाडी कुठे लागली, देवळ्याची किती उशिरा सुटणार, हे माईकवरून सांगण्यात जन्म गेला. घरातही त्यांना माईक लागत नसे. सासूबाई गेल्या आणि तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. विचाराल तेवढंच बोलायचे, तेही निम्मं.

सासूबाई गेल्या तेव्हा माझी नणंद अमेरिकेत होती, आठवा महिना लागलेला. डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही, आईचं शेवटचं दर्शन हुकलं. ते तिच्या मनातून जाईना. दीड वर्षाने तिने बाबांना ईमेलमधून एक फाईल पाठवली, त्यात आईबद्दलचे तीस प्रश्न. आईला सायकल येत होती का, तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं, असे. सतरावा प्रश्न होता, ‘शेवटी आईने माझी आठवण काढली का?’ खाली तिने लिहिलं होतं, ‘बाबा, बाकीची उत्तरं नाही दिली तरी चालतील, सतरावं द्या.’

बाबा महिनाभर रोज चार वाजता एका बोटाने उत्तरं लिहीत होते, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पहिल्या दिवशी फाईल ईमेलमधूनच उघडली, मग रोज वर्डच्या यादीतलं तिचं नाव दाबायचं, लिहायचं, सेव्ह करायचं. सेव्ह होत होतीच ती, पण टेंपमध्ये. उघडायचं कसं आणि सेव्ह कसं करायचं, एवढंच मी त्यांना शिकवलं होतं. सेव्ह झालेलं जातं कुठे, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

“अगं, ही फाईल नाही म्हणतेय,” बाबा म्हणाले.

मी धावत फोनपाशी गेले. सरांना फोन लावला. “बिनमध्ये असती तर एका मिनिटात परत आणली असती,” ते म्हणाले. “डिफ्रॅगपण केलंत? मग विसरा आता.”

मी बाबांपुढे उभी राहून सगळं कबूल केलं. रडलेसुद्धा. जरा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबा एवढंच म्हणाले, “असू दे. एक गाडी चुकली, दुसरी लागेल.”

प्रश्न ईमेलमध्ये शाबूत होते. या वेळी मी फाईल आधी माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवली, फ्लॉपीवर कॉपी घेतली आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. आणि काय सांगू, बाबांचा आवाज परत आला! भांडण कशावरून, तर आमटीत गूळ घातला म्हणून, हे ते इतक्या मोठ्याने सांगत होते की शेजारीण खिडकीतून डोकावली. पण सतरावा आला की म्हणायचे, “हा राहू दे.”

दसऱ्याला आम्ही कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. फाईल पुरी झाली होती, सतराव्याखाली तेवढं कोरं. आणि तिकडे नणंद नेमकी त्याचीच वाट बघत होती.

“बाबा, आधी लिहिलं होतंत ना हे?”

“लिहिलं होतं.”

“मग सांगा की.”

“तुझ्यासमोर नाही गं सांगता येत.”

झालं! माझं डोकंच फिरलं. सासूबाईंचं दोन वर्षं अंथरुणात सगळं मी केलं, आणि शेवटी मी परकीच? “बरं, मी चहा टाकते,” म्हणत तरातरा स्वयंपाकघरात गेले. भांडं जरा आपटलंच. बाहेरून बाबांच्या बोटाचा आवाज येत राहिला, टक… टक… मध्ये मोठं थांबणं, पुन्हा टक. चहा उतू गेला तरी मी बाहेर गेले नाही. नंतर त्यांनी हाक मारली, तेव्हा फाईल न वाचताच पाठवून दिली. माझाही मान होता की नाही!

रविवारी सकाळी नणंदेचा फोन आला. बाबांनी उचलून लगेच माझ्याकडे दिला.

“वहिनी,” ती म्हणाली, “शेवटी आई माझ्या नावाने हाक मारायची, तेव्हा तू ओ द्यायचीस?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. लेकीला सारख्या हाका मारायच्या, तोंडाला कोरड पडेपर्यंत. एकदा मला राहवलं नाही. एरवी मी त्यांना ‘अहो आई’ म्हणायची. त्या दिवशी म्हटलं, “आले गं आई.” त्यांनी माझा हात धरला आणि शांत झोपल्या. मग रोजच तसं करत गेले. नणंदेला कळलं तर तिला काय वाटेल, म्हणून तोंडाला कुलूप. बाबा पलीकडच्या खाटेवर झोपलेले असायचे, निदान मला तसं वाटायचं.

“बाबांनी लिहिलंय,” ती रडत म्हणाली, “रडू नकोस, तुझी आई लेकीला भेटून गेली.”

मी फोन बाबांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.